उन्हाळी म्हणून अंगावर काढू नका: गरोदरपणातल्या इन्फेक्शनमध्ये या चुका टाळा

"लघवीला जळजळतंय, उन्हाळी लागलीया हो सिस्टर, सब्जा पितीया," असं ती आठ दिवस भेटेल त्याला सांगत होती. तासगावकडं द्राक्षबागेत कामाला जाणारी, पाचवा महिना. नवव्या दिवशी माझ्याकडं आली तेव्हा थंडीनं दातावर दात आपटत होते, अंगात १०३ ताप आणि उजवा हात सारखा पाठीमागं, बरगडीच्या खाली दाबून धरलेला. तो हात बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. जंतू मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढलेत, हे तपासणीच्या आधी तो हातच सांगतो. पोटात कळाही सुरू झाल्या होत्या. तिला तातडीनं मिरजेला हलवलं, शिरेतून औषधं चालू झाली, कळा थांबल्या. बाळ पुढं पुऱ्या दिवसांचं झालं.

अठरा वर्षं गरोदर बायकांची तपासणी करतेय. औषधच मिळालं नाही म्हणून बिघडलेल्या बायका मी थोड्या पाहिल्या, उशिरा आल्या म्हणून बिघडलेल्या पुष्कळ. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

"जळजळ तर होणारच"

गरोदरपणात लघवी वारंवार होते, ते खरं. पण जळजळ, थेंबथेंब लघवी, ओटीपोटात कळ हे नेहमीचं नव्हे. पोटातलं बाळ वाढतं तसा लघवीच्या नळ्यांवर दाब येतो, संप्रेरकांमुळं त्या सैलही पडतात. लघवी साचून राहते आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यात बागेत, ऊसतोडीवर, वीटभट्टीवर आडोसा नसतो, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि आलेली लघवी दाबून धरते. सासूबाई धने-जिऱ्याचं पाणी देतात. जरूर प्यावं, पाणी पोटात गेलेलं चांगलंच. पण त्यानं जंतू मरत नाहीत. किडनीला सूज आली तर कळा लवकर सुरू होऊन बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं जन्मू शकतं.

याहून मोठी चूक म्हणजे काही त्रास नाही म्हणून लघवीची तपासणी टाळणं. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना कसलीही जाणीव नसते. उपचार केले नाहीत तर त्यांतल्या साधारण पाव बायकांना पुढं किडनीचं इन्फेक्शन होतं. कार्डावर लिहिलेली तपासणी अशा न दिसणाऱ्या आजारासाठीच असते.

नमुना देताना काय चुकतं तेही सांगते. घरून खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन त्यात लघवी आणतात. औषधाचा अंश आणि बाहेरचे जंतू दोन्ही त्यात येतात आणि रिपोर्ट फसवतो. लॅबनं दिलेली निर्जंतुक डबीच घ्या. आधी जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धरा, झाकण आतून हाताळू नका. डबी तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, सांगितलं असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. गोळ्या संपल्यावर डॉक्टर पुन्हा कल्चर सांगतात, ते पैसे काढायला नव्हे. जंतू गेले का, हे दुसऱ्या कशानं कळत नाही.

मेडिकलमधून परस्पर गोळी, किंवा गोळी मध्येच बंद

या दोन चुका एकाच घरात सापडतात. दाजी मेडिकलमध्ये जाऊन मागच्या वेळची पट्टी दाखवून गोळ्या आणतात. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेतलं तर बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. अंगदुखीला आयब्रुफेन घेतली तर पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते, पण तीही ताप कशाचा आहे हे शोधेपर्यंतच. पहिल्या तीन महिन्यांत जास्त ताप बाळाच्या वाढीला बरा नाही, म्हणून ताप नुसता सोसत बसणंही चूक.

उलट डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या "उष्ण पडतात, बाळाला बाधतील" म्हणून दुसऱ्या दिवशी बंद होतात, कारण तोवर जळजळ थांबलेली असते. पेनिसिलिनच्या घराण्यातली कितीतरी औषधं गरोदर बायकांना वर्षानुवर्षं सुरक्षितपणे दिली जातात. अर्धवट मारलेले जंतू परत उठतात आणि तेच औषध त्यांना मग लागू पडत नाही.

कावीळ उतरवून घेणं

हे लिहिताना मला पुराची वर्षं आठवतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात आणि काठच्या गावांत घुसलं. असं पाणी ओसरतं तेव्हा विहिरी, बोअर, नळाची पाइपलाइन सगळ्यात घाण मिसळण्याचा धोका असतो. हेपॅटायटिस ई ही कावीळ याच दूषित पाण्यातून होते. एरवीच्या माणसाला ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरू शकते. अशा बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जातं. बाळ पोटात दगावू शकतं.

आणि आपल्याकडं काय होतं? डोळे पिवळे दिसले की गळ्यात माळ, नाकात झाडपाल्याचा रस, हातावर मंतरलेलं पाणी. आठवडा त्यात जातो. ज्याची कावीळ आपोआपच बरी होणार होती तो बरा होतो आणि माळेला मान मिळतो. गरोदर बाईकडं तेवढा आठवडा नसतो. डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणाचा वास नको, एवढं दिसलं की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. बडबडायला लागली, फार झोपाळली, तर एक तासही थांबू नका. पावसाळ्यात तिच्यापुरतं तरी पाणी उकळून गार केलेलं द्या.

कांजिण्यांचंही असंच. घरात कुणाला आल्या की लिंबाचा पाला दारात लागतो आणि दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं ठरतं. श्रद्धा पाळा, पण गरोदर सुनेला आधी त्या खोलीपासून दूर ठेवा. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर सहसा भीती नाही. नसतील आणि ती रुग्णाच्या सहवासात आली असेल तर पुरळ उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. दहा दिवसांच्या आत देता येणारं संरक्षक इंजेक्शन असतं. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे दोन, या काळात आईला पुरळ उठलं तर नवजात बाळाचा आजार फार गंभीर होऊ शकतो.

नवऱ्याची तपासणी राहून जाते

एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची) आणि हेपॅटायटिस बी या तीन तपासण्या प्रत्येक गरोदर बाईच्या होतात. कुणाच्या चारित्र्यावरचा तो शेरा नाही. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. औषधं नियमित घेतली तर हेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, पण ते बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी मिळालं पाहिजे, नाहीतर बाळाच्या दृष्टीनं ते उपचार अपुरे धरले जातात. इथं हमखास चुकतं ते असं: बाई औषध घेते, नवरा दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतो आणि परत जातो. मग तिला पुन्हा लागण. दोघांनी मिळूनच औषध घ्यायचं.

हेपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवी. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, शक्यतो १२ तासांत. "बाळ बारीक आहे, सव्वा महिन्यानं बघू" असं आजी म्हणाली तर तिला हात जोडून समजवा. जन्मताना लागण झालेल्या शंभरातल्या नव्वद बाळांचा हा आजार कायमचा होतो.

टॉर्चचा रिपोर्ट हातात घेऊन रडू नका

गर्भपात झालेल्या मुली महागडा टॉर्चचा, म्हणजे रुबेलासारख्या बाळाला बाधणाऱ्या काही इन्फेक्शनच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट घेऊन येतात. "आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, माझ्यातच दोष आहे." पोरी, नुसतं आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी लागण किंवा लस होऊन गेली आणि शरीरानं ती ओळखून ठेवली. रुबेलाच्या बाबतीत तर ही चांगली बातमी आहे. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण त्यात शोधून महिनोन्‌महिने गोळ्या खाणं चुकीचं. रुबेलाची लस मात्र दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्यायची असते, दिवस गेल्यावर नाही. पहिल्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांत दोष राहू शकतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईनं हे आत्ताच विचारून घ्यावं.

पाणी गेल्यावर वाट बघणं

पाणमोट फुटली, कळा नाहीत, म्हणून "माहेरची माणसं येऊ देत" असं म्हणत रात्र घालवतात. पाणी जाऊन अठरा तासांहून अधिक झाले की बाळाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. स्वच्छ सुती कापड किंवा पॅड लावा, किती वाजता गेलं ते लिहा, १०८ ला फोन करा. पाणी हिरवट किंवा वासाचं असेल तर फोनवरच सांगा. घरात कुणालाही आतून तपासू देऊ नका.

बाळ झाल्यावर बाळाच्या डॉक्टरांना सांगा की आईला ताप होता, पाणी कधी गेलं होतं. नवजात बाळाचं इन्फेक्शन मोठ्यांसारखं तापानं कळेलच असं नाही. ते दूध ओढायचं थांबतं, रडणं बारीक होतं, तळपाय गार पडतात. तळपायाला हात लावून बघत जा, आणि दोनदा दूध सोडलं तर तिसऱ्यांदा पाजून बघत बसू नका, उचलून दवाखाना गाठा.