आधी नंबर विचारा

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तीन हिवाळ्यांपूर्वी एक आजोबा दिसले. पाय सुजलेले, अंगात एकावर एक दोन शर्ट. कुणी वडापाव पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. मी शेजारी बसलो. "राम राम. आर्मी नंबर काय आपला?" म्हातारा ताठ झाला आणि सातही आकडे न अडखळता म्हणाला. सुरुवात 27 ने, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. मी फौजेत क्लार्क होतो, एवढं कानाला कळतं.

रस्त्यावर आलेला असा माजी सैनिक भेटला तर सुरुवात इथूनच करा. आधी पैसे देऊ नका, फोटो तर अजिबात काढू नका. फौजी घरचा पत्ता विसरेल, नंबर विसरत नाही. नंबर, रँक, पलटण, भरतीचं साल आणि फौज सोडून घरी कसा आला, हे वहीत लिहून घ्या. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

त्याच संध्याकाळी डोक्यावर छप्पर बघा. शहरांत बेघरांसाठी निवारा केंद्रं असतात. मान्यताप्राप्त केंद्राच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर आधार कार्डाचं अडलेलं काम पुढे सरकतं.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. त्यांना एकटं पाठवू नका, बरोबर जा. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि दुय्यम प्रतीसाठी याच कार्यालयामार्फत त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. मराठ्यांचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. उत्तराला महिने लागतात. आमचा अर्ज एका टेबलावरून दोनदा परत आला, कारण वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक होता. चिडून उपयोग नव्हता, आम्ही तिसऱ्यांदा भरला.

पुस्तक हातात आलं की सेवेचा काळ नीट वाचा. बरेच जुने जवान म्हणतात, "मी सातच वर्षं केली, मला काही नाही." पण पूर्वी काही वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेत नोकरी, आणि उरलेली रिझर्व्हमध्ये, म्हणजे घरी राहून बोलावलं तर हजर व्हायचं, अशी भरती होत असे. दोन्ही मिळून 15 वर्षं भरली तर रिझर्विस्ट पेन्शनचा हक्क बनतो. हे पान न बघता कुणालाही "तुम्हाला पेन्शन नाही" असं सांगू नका. मी हे तळमळीने सांगतोय.

आमचे आजोबा मात्र बाप वारल्यावर सहाव्या वर्षी स्वतः अर्ज करून घरी आले होते. पेन्शन खरंच नव्हती. अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी ग्रँट, म्हणजे गरजूंना दरमहा मदत, आहे: वय 65 च्या वर, हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा, पेन्शन नाही. पूर्वी महिना 4000 रुपये मिळत, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000. जवानाच्या विधवेलाही मिळतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, शिफारस जिल्हा कार्यालयाची. बँक खातं फक्त त्यांच्या एकट्याच्या नावाचं हवं, आणि एटीएम कार्ड त्यांच्याच खिशात.

एटीएम कार्डाचं का म्हणतो, ते सांगतो. काही जण पेन्शन असूनही रस्त्यावर आलेले असतात, कारण कार्ड मुलाकडे. तिथे सैनिक कार्यालय पुरं पडत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्रही तिथे रद्द होऊ शकतं. पण आधी त्यांना विचारा. पोराविरुद्ध कागद करायला बाप सहसा तयार होत नाही. त्यांचं "नको" आपल्याला पटलं नाही तरी मान्य करायचं.

दारूचा प्रश्न असेल तर तो कागदांच्या आधी येतो. सरकारी रुग्णालयात दाखवा. एकदम बंद करायला लावू नका, जुन्या पिणाऱ्याला त्यात झटके येतात.

आजोबा आता खोली घेऊन राहतात. अंथरुणाच्या घड्या कवायतीसारख्या. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती तारीख मी माझ्या डायरीत लिहिलीय आणि आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जातो.