लांब पल्ल्याचा सायकल मार्ग आखताना आधी पूल शोधा

‘नकाशाच्या ॲपमध्ये सुरुवात टाका, शेवट टाका, सायकलचं चिन्ह दाबा, मार्ग तयार.’ हा सल्ला देणाऱ्यानं तो मार्ग स्वतः पॅडल मारून पार केलेला नसतो. दोन-तीन तासांच्या फेरीला चालतं तसं. चार-पाच दिवसांचा पल्ला असेल, तर ॲप कुठेतरी ट्रकांच्या रांगेत नेऊन सोडणार हे धरूनच चाला.

दिशा, दिवस आणि मुक्काम ठरवून घ्या. सामान लादलेल्या सायकलीवर दिवसाला किती जमतं ते माहीत नसेल, तर भरलेल्या पिशव्या लावून एक दिवस चालवून बघा आणि येईल त्या आकड्यापेक्षा कमीच धरा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, आधारलेला घ्या. त्यातला सायक्लओएसएम हा सायकलस्वारांसाठीचा थर लावला की पायवाटा, कच्चे रस्ते आणि सायकलमार्ग वेगवेगळे दिसतात.

आता खरं काम. शांत रस्ते सापडणं अवघड नसतं. खेड्यापाड्यांना जोडणारे बारीक रस्ते नकाशाभर पसरलेलेच असतात. घोडं अडतं ते काहीतरी ओलांडताना. मोठी नदी, द्रुतगती मार्ग, रेल्वेचे रूळ, डोंगररांग यांना पार करायच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे आजूबाजूची सगळी वाहतूक तिथेच गोळा होते. सायकलीच्या मार्गाचा निकाल या जागांवर लागतो, मधल्या रस्त्यांवर नाही.

या टप्प्यानं मला सुरुवातीला फार छळलं. म्हणून आता मी रस्त्यांना हात लावण्याआधी नकाशावर एक सरळ रेष मारतो, ती काय काय छेदते ते बघतो आणि प्रत्येक ठिकाणी ओलांडायची जागा नक्की करून खूण करतो. दोन खुणांमधला तुकडा मग खुशाल ॲपला आखू द्या. क्रम उलटा केलात तर अर्धा दिवस झाडांच्या सावलीतून मजेत जाल आणि नदीकाठी पोचल्यावर कळेल, की पूल नदीच्या वरच्या अंगाला बराच लांब आहे, तोही महामार्गाचा.

खूण करण्याआधी प्रत्येक जागा पूर्ण मोठी करून बघा. पूल लांब असेल तर कडेला पट्टा किंवा पदपथ आहे का? नसेल तर मागून ट्रक आल्यावर तुम्हाला बाजूला व्हायला जागा नाही, वर उघड्यावरचा आडवा वारा. पादचारी पूल दिसला म्हणून खूश होऊ नका, त्याला जिना आहे की उतार ते बघा. भरलेली सायकल जिन्यावरून एकट्यानं चढवणं म्हणजे सगळ्या पिशव्या काढून तीन-चार खेपा. धरणाच्या भिंतीवरचा रस्ता नकाशात सरळ दिसतो, प्रत्यक्षात त्याला अनेकदा कुलूप असतं. रेल्वेखालचा भुयारी मार्ग पावसात तुंबू शकतो. नावेनं पार व्हायचं असेल तर हंगाम आणि शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारा.

सॅटेलाइट चित्रात पुलाची सावलीही बघा. उंच पुलाची सावली पाण्यावर पुलापासून सुटून पडते. सावली पुलाला चिकटलेली किंवा दिसतच नसेल, तर तो बहुधा बुटका फरशी पूल असतो आणि नदी भरली की पाण्याखाली जातो. द्रुतगती मार्गाशी तुमची बारीक रेष जिथे भेटते, तिथे खालून बोगदा आहे, वरून पूल आहे की मधे नुसता दुभाजक, हेही याच चित्रात समजतं. यातलं काही स्पष्ट होत नसेल तर ती जागा सोडा आणि वळसा घ्या. पाच-सात किलोमीटर जास्त झाले तरी मला ते नेहमी स्वस्तच वाटतात.

एवढं झालं की बाकीचं सोपं. द्रुतगती मार्गाला समांतर जुना रस्ता असेल तर तो जरूर तपासा. नवा रस्ता फुकट असेल तर जुन्यावर बहुधा शांतता असते. नव्यावर टोल असेल तर बरेच ट्रक जुन्याच रस्त्यानं जातात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केलेली असेल तर ती डोळे मिटून निवडा, कारण आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे तिथला चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आतच असतो. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोकांच्या फेऱ्यांचा नकाशा, यावर मात्र विसंबू नका. उजळ रेषेचा अर्थ तिथून खूप सायकली जातात, एवढाच. पहाटे हलक्या सायकलीवर सराव करणाऱ्यांना मोठा गुळगुळीत रस्ताच आवडतो.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी ग्रेड देतात. १ म्हणजे टणक, ५ म्हणजे निव्वळ मऊ माती. सामानासह मी २ च्या पुढे जात नाही, कोरड्या दिवसांत फार तर ३. ग्रेड दिलेलीच नसेल तर सॅटेलाइट चित्र बघा: चाकांच्या दोन रेघा आणि मधे गवताचा पट्टा दिसला की तो ट्रॅक्टरचा रस्ता समजा.

चढाच्या आकड्यावरून दोन ॲपमध्ये भांडण दिसेल, त्याचं मनावर घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी उंचीची माहिती २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची असते आणि तिच्यात सुमारे ३० मीटरच्या एका चौकटीला एकच उंची. डोंगराच्या कुशीतला रस्ता किंवा बोगदा तिला नीट दिसत नाही, म्हणून नसलेले चढही मोजले जातात. एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात तीव्र किलोमीटर कुठे आहे ते बघा. एका किलोमीटरला १०० मीटर, म्हणजे दहा टक्के चढ असेल, तर भरलेली सायकल बहुतेकांना ढकलावी लागते.

शेवटी फाईल. जीपीएक्स म्हणजे मार्ग साठवायची फाईल, तिच्यात ‘ट्रॅक’ निवडा, ‘रूट’ नको. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात आणि मधली वाट जीपीएस यंत्र आपल्या मनानं काढतं, म्हणजे तुमचे सगळे पूल गेले. वाट सुटल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोयही बंद ठेवा. दर दिवसाची वेगळी फाईल करा, तिची प्रत फोनमध्ये ठेवा आणि त्या भागाचा ऑफलाइन नकाशा निघण्याआधीच उतरवून घ्या.