खडी उतरवून घेण्याआधी

घर बांधणारे सिमेंटच्या ब्रँडवर तासभर बोलतात आणि खडीचा डंपर आला की "त्या कोपऱ्यात ओता" म्हणून मोकळे होतात. काँक्रीटमध्ये जवळजवळ पाऊण हिस्सा खडी आणि वाळूचा असतो. म्हणून साइटवर मी आधी ओंजळभर खडी बघते, मग चलनावर सही करते.

आपला काळा बेसाल्ट दगड एम-20, एम-25 या काँक्रीटच्या ताकदीच्या ग्रेडसाठी पुरून उरतो. टेस्टिंगला फुटलेला क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुना ठोकळा, हातात घ्या. दगड बहुतेक शाबूत असतात, भेग त्यांच्या कडेकडेने गेलेली असते. जपायची ती दगडाची आणि सिमेंटची पकड.

म्हणून खडी बादलीत खळबळून बघा. पाणी राखेसारखं गढूळ झालं तर दगडावर डस्ट बसलेली आहे, आणि सिमेंट त्या डस्टलाच चिकटणार. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी ढीग पाइपने धुवा. सकाळी दगड ओलसर हवा, पाणी निथळलेलं हवं. कोरडी खडी मिक्सरमधलं पाणी पिते, माल घट्ट वाटतो, गवंडी वरून पाणी मारतो. ताकद तिथेच जाते. स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरपाशीच उभी असते, ती याचसाठी.

मग आकार. चौकोनी, धारदार खडी चांगली. चपट्या चिपा आडव्या बसतात आणि त्यांच्या पोटाखाली पाणी साचून पोकळी राहते. आयएस 383 या भारतीय मानकाप्रमाणे चपटी आणि लांबट खडी मिळून 40 टक्क्यांपर्यंत चालते. मला नुसत्या नजरेला तिसरा हिस्सा चिपा दिसल्या तरी मी डंपर परत पाठवते. पांढऱ्या ठिपक्यांचे, भोकाभोकांचे हलके दगड जास्त असले तरीही.

नुसती 20 एमएम मागवू नका. एक बादली 20 एमएमने काठोकाठ भरा, मापाने पाणी ओता. दुसरी 20 आणि 10 एमएम मिसळून भरा. दुसरीत पाणी कमी मावतं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरायच्या फटीही कमी. मी साधारण 20 एमएम 60 टक्के आणि 10 एमएम 40 टक्के धरते, पण प्रत्येक क्रशरच्या मालाला बादली पुन्हा लावते.

एका बंगल्यात कॉलम-बीमच्या जोडावर सळया दाट होत्या आणि माल सगळा 20 एमएमचा. सेंट्रिंगचा साचा खोलला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, सळई उघडी. तोडून पुन्हा भरावं लागलं. तेव्हापासून सळयांमधली मोकळी जागा टेपने मोजते: खडी त्याहून निदान 5 एमएम लहान हवी. 20 एमएमची फट असेल तर तिथे 10 एमएमचाच माल.

दोन्ही खड्यांचे ढीग वेगळे, जुन्या पत्र्यावर ओतून घ्या. खालचा मुरूम घमेल्यात यायला नको.