ऑपरेशननंतर वजन परत वाढतंय? घरच्यांनी या चुका टाळा

आमच्या आक्कानं 2019 मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. स्लीव्ह म्हणतात ते. यात पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. दीड वर्षात ती 112 किलोवरून 74 वर आली. पुढच्या तीन वर्षांत काटा चढत चढत 89 वर गेला. तेव्हा आम्ही घरचे जसं वागलो, त्यानं तिचं वजन काही उतरलं नाही, तिचं आमच्याशी बोलणं मात्र तुटलं.

वाढलेल्या वजनाला आळस म्हणू नका

"एवढे लाख घातले अन् पुन्हा हाय तशीच?" हे वाक्य आमच्या घरात मावशीपासून धाकट्या जावेपर्यंत सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. ऑपरेशननंतर वजन साधारण एक ते दीड वर्षात सगळ्यात खाली येतं आणि पुढं काही किलो परत चढणं नेहमीचं आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. शरीर कमी खाण्यात भागवायला शिकतं, दबलेली भूक हळूहळू परत येते, उरलेलं पोट थोडं सैलावतं. त्यात थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, स्टेरॉइडच्या किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, अपुरी झोप यांची भर पडू शकते. सगळं खापर माणसाच्या जिभेवर फोडणं हा अन्याय आहे.

चारचौघांत ताटावर बोलू नका

आमच्या लातूरकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. एका बाजूनं चुलती आग्रह करत होती, "घे की गं माय, एका उंड्यानं काय होतंय?" दुसरीकडून कुणीतरी विचारलं, "तुला चालतंय का हे?" आक्कानं दोन घास भज्जी खाल्ली, आंबिलीचा पेला तसाच ठेवला आणि हात धुवायला उठली. त्या रात्री स्वयंपाकघरात डब्याचं झाकण अगदी हळू उघडल्याचा आवाज आला. आक्का अंधारात उभी राहून चिवडा खात होती. मी दिवा लावला. लावायला नको होता.

वजन वाढायला पुष्कळदा असं येता-जाता चरणंही कारण असतं. छोट्या पोटात भाकरी-उसळ पटकन भरते, पण फरसाण, बिस्किटं, गोड चहा, आइस्क्रीम सहज उतरतं आणि दिवसभर थोडं थोडं चालूच राहतं. पाळत ठेवली की ते लपून होतं. त्यापेक्षा फरसाणाचा डबा घरातच भरू नका. सगळ्यांसाठीच ताटात आधी अंडी, पनीर, मटकीची उसळ किंवा घट्ट वरण येऊ द्या, भाकरी मागून. प्रथिनं दिवसाला निदान 60 ग्रॅम लागतात. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासानं. आग्रह कोण करणार हे आधीच माहीत असतं, त्या माणसाला बाजूला घेऊन आधीच सांगून ठेवा.

फक्त काट्याकडे बघू नका

बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर असतात. वजन वाढलं की माणूस निराश होऊन त्याही सोडतो. थकवा, हातापायांना मुंग्या, केस गळणं दिसलं तर रक्त तपासून घ्या. वरचेवर उलट्या होत असतील किंवा पोट दुखत असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

तपासणीला एकटं पाठवू नका

आक्कानं सलग तीन तपासण्या चुकवल्या. डॉक्टर रागावतील ही भीती, शिवाय पुण्याला जाऊन येण्यात सगळा दिवस मोडतो. शेवटी मी सोबत गेले. डॉक्टर रागावले नाहीत. आधी थायरॉइड तपासलं, आहारतज्ज्ञांकडं पाठवलं. गरज पडली तर औषधं आहेत, काहींना दुसरं ऑपरेशनही लागतं, असं समजावून सांगितलं. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

निघताना आम्ही विचारलं, असंच ऑपरेशन झालेल्या कुणाशी बोलता येईल का? त्यांनी परभणीच्या एका बाईंना विचारून त्यांचा नंबर दिला. आता संध्याकाळी सहाला दोघी आपापल्या गावात फोन कानाला लावून चालायला निघतात. त्यांच्यात काय बोलणं होतं ते मी विचारत नाही.