तेलाच्या जुन्या मक्त्यांवर लिहिताना या चुका टाळा

पर्शियन आखाताच्या परिसरात तेल कंपन्यांनी स्थानिक शेख, खान आणि राजे यांच्याशी केलेल्या पहिल्या करारांवर मराठीत लिहिलेले निबंध आणि प्रबंधांची प्रकरणे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. लिहिणारे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांनी करार उघडण्याआधीच ‘भोळा शेख आणि लबाड कंपनी’ असा निकाल लावलेला असतो. तो निकाल काही ठिकाणी बरोबरही निघेल, परंतु कलमे न वाचता तो लावणाऱ्यांचे मला कधीच कौतुक वाटले नाही.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे विक्री, भाडे आणि कर्ज यांची खिचडी करणे. ती मीही केलेली आहे. ‘शेख खझलने अबादान बेट ६५० पौंडांना कंपनीला विकले’ असे वाक्य माझ्या एका जुन्या लेखात बिनदिक्कत छापून आले होते. अंक निघून आठवडा झाला नसेल, तोच एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यांचे वडील अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला होते. निळ्या शाईत, बारीक अक्षरात त्यांनी एवढेच विचारले होते की, ‘बाई, बेट विकले होते, तर मग कंपनी भाडे कोणाला आणि कशासाठी देत होती?’

उत्तर देण्यासाठी मी तपशील पुन्हा काढून बसले आणि ओशाळले. जुलै १९०९ मध्ये नैऋत्य इराणमधल्या मोहम्मेराच्या शेख खझलशी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा जो करार झाला, त्यात संपूर्ण बेट नव्हतेच. कारखान्यासाठी सुमारे एक चौरस मैल जागा होती, तिचे भाडे वर्षाला ६५० पौंड ठरले होते, त्यातले दहा वर्षांचे, म्हणजे ६,५०० पौंड, आगाऊ द्यायचे होते आणि त्याखेरीज शेखाला १०,००० पौंडांचे कर्ज मिळणार होते. एकाच करारातल्या या तीन निरनिराळ्या गोष्टी मी एका क्रियापदात कोंबल्या होत्या. शिवाय कंपनीच्या वतीने वाटाघाटी करणारे पर्सी कॉक्स हे कंपनीचे नोकर नव्हते. ते ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे बुशहर येथील रेसिडेंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी होते, आणि ही गोष्ट माझ्या लेखात कोठेही नव्हती.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक करारासाठी चार रकाने आखायचे. पैसे कोणी दिले, कोणत्या हक्काने घेतले, कोणत्या नाण्यात दिले आणि परत करायचे असल्यास कशातून, हे त्यांत लिहायचे. यात शास्त्रीय पद्धत वगैरे काही नाही, माझी सवय आहे, पण या चार रकान्यांतला एकही रिकामा असेपर्यंत मी वाक्य लिहीत नाही.

चौथ्या रकान्याचे महत्त्व सौदी अरेबियाच्या करारात दिसते. २९ मे १९३३ रोजी जेद्दा येथे स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाशी साठ वर्षांचा करार झाला आणि त्या ऑगस्टमध्ये तेथील डच बँकेच्या कचेरीत, अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांच्या डोळ्यांदेखत, ३५,००० सोन्याची नाणी एकेक करून मोजली गेली. हे दृश्य इतके मोहक आहे की पुढचे कलम वाचण्याचा धीर कोणाला राहत नाही आणि ‘राजाने ३५,००० नाण्यांना देशाचे तेल विकले’ असे लिहून लेखक मोकळा होतो. प्रत्यक्षात त्यातली ५,००० नाणी पहिल्या वर्षाचे भाडे होते आणि ३०,००० हे कर्ज होते. करार टिकला तर अठरा महिन्यांनी आणखी २०,००० सोन्याच्या पौंडांचे कर्ज मिळणार होते. ही कर्जे पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतूनच, म्हणजे काढलेल्या तेलावर राजाला द्यायच्या रकमेतूनच, वळती करून घ्यायची होती.

ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कर्जाची जात लगेच ओळखू येईल, फक्त फरक नीट पाहावा लागेल. काम झाले नाही तरी टोळीच्या डोक्यावरची उचल उतरत नाही. येथे मात्र तेलच लागले नसते तर रॉयल्टी नाही आणि वसुलीही नाही, अशी स्थिती होती. धोका कंपनीच्या गळ्यात होता, कारण हज यात्रेकरूंची संख्या मंदीत घटल्यामुळे राजाला रोकड तातडीने हवी होती आणि ती दिल्याशिवाय तो सही करणार नव्हता. दम्माम येथे व्यापारी प्रमाणात तेल लागायला मार्च १९३८ उजाडावा लागला. खझलच्या कर्जाला हा नियम लावता येत नाही. त्याच्या वाट्याला रॉयल्टी नव्हतीच. तो जागेचा मालक होता आणि तेलाच्या नफ्यातला हिस्सा तेहरानच्या सरकारकडे जात होता.

यातूनच पुढची चूक निघते. २८ मे १९०१ रोजी इराणच्या मुजफ्फरुद्दीन शहाने विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज धनिकाला तेल शोधून काढण्याचा मक्ता दिला म्हणजे जमिनीचा प्रश्न मिटला, असे अनेकजण गृहीत धरतात. त्या मक्त्यात सरकारी पडीक जमीन मोफत आणि लागवडीची जमीन चालू भावाने घ्यायची, अशी तरतूद होती. आता बख्तियारी या भटक्या मेंढपाळ टोळ्यांची हिवाळी कुरणे यांपैकी कशात धरायची? नांगर न लागलेली जमीन म्हणून तेहरान ती पडीक म्हणणार आणि आपल्या मेंढ्या पिढ्यान्पिढ्या तेथे चरतात म्हणून त्यांचे प्रमुख, म्हणजे खान, ती आपली म्हणणार. म्हणून नोव्हेंबर १९०५ मध्ये खानांशी वेगळा करार करावा लागला. त्यानुसार तेथील तेल कंपनीचे तीन टक्के भाग (शेअर) आणि पहारा ठेवण्याबद्दल वर्षाला २,००० पौंड खानांना मिळणार होते. तेहरानने हा करार मानला नाही. मस्जिद-ए-सुलेमान येथे मे १९०८ मध्ये तेल लागले, तेव्हा कंपनी एकाच जमिनीसाठी दोन धन्यांना तोंड देत होती. ‘इराणने जमीन दिली’ असे वाक्य समोर आले की मी समासात ‘कोणत्या इराणने?’ असे लिहून कागद परत पाठवते.

काही चुकांना एक ओळ पुरे आहे. डार्सी स्वतः इराणला कधीही गेला नाही, तेव्हा त्याला शहासमोर बसवू नका. मक्ता संपूर्ण इराणचा नव्हता, उत्तरेचे पाच प्रांत वगळलेले होते. १९०१ चा शहा काजार घराण्यातला आहे, पहलवी नव्हे. अँग्लो-पर्शियन कंपनीचे नाव १९३५ मध्ये अँग्लो-इराणियन झाले, ते १९०९ च्या वाक्यात घुसवू नका. मोहम्मेरा म्हणजे आजचे खुर्रमशहर, ही निराळी दोन गावे नाहीत.

मराठी वाचकांची खास चूक रुपयाची आहे. कुवेतच्या शेख अहमद यांनी २३ डिसेंबर १९३४ रोजी जो करार केला, त्यात सहीच्या वेळी ४,७५,००० रुपये आणि तेलावर दर टनाला ३ रुपये रॉयल्टी ठरली होती. कतारच्या १९३५ च्या करारात सहीची रक्कम ४,००,००० रुपये होती. आखातात तेव्हा हिंदुस्थानी रुपया चालत असे. आपल्याला तो आकडा घरचा वाटतो आणि तेथेच घात होतो. एका हुशार विद्यार्थ्याने कुवेतची रक्कम आजच्या शंभरेक रुपयांच्या दराने पौंडांत बदलली. उत्तर पावणेपाच हजार आले आणि शेखाच्या फसवणुकीवर त्याने त्या आकड्याच्या आधाराने चार पाने लिहिली. मी दर विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, मोबाइलवर पाहिला.’ १९२७ पासून रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे पौंडाला साडेतेरा रुपयेही पडत नसत. त्या दराने ४,७५,००० रुपयांचे ३५,६२५ पौंड होतात. चारही पाने रद्द झाली. दुसऱ्या वेळी त्याने पहिल्या महायुद्धापूर्वीचा पौंडाला १५ रुपयांचा दर लावला आणि पुन्हा चार हजार पौंड कमी दाखवले. तिसऱ्या वेळी जमले.

मी स्वतः मूळ नाणे शाईने आणि रूपांतर पेन्सिलीने लिहिते, शेजारी दराचे वर्ष टाकते आणि ‘आजच्या हिशेबाने इतके कोटी’ असले वाक्य लिहीत नाही. सोन्याच्या पौंडांना कागदी पौंड समजणे हीदेखील हीच चूक आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडल्यावर दोन्हींची किंमत एक राहिली नव्हती आणि सौदी करारात ‘सोन्याचे’ हा शब्द उगाच घातलेला नाही.

शेवटची चूक मला अलीकडे कळली. शासकाला फक्त पैसा हवा होता असे आपण धरून चालतो. खझलच्या मागण्यांत भाडे आणि कर्ज होतेच, परंतु तेहरानने आपल्या अंगावर हात टाकला तर ब्रिटिश पाठीशी उभे राहतील, ही हमी त्याला त्याहून मोलाची वाटत होती आणि तशी आश्वासने त्याला मिळालीही. १९२५ मध्ये तेव्हाचा इराणचा पंतप्रधान आणि पुढचा पहलवी शहा रझा खान याने त्याला पकडून तेहरानला नेले, तेव्हा ब्रिटिशांनी त्याला सोडवले नाही. १९३६ मध्ये तो तेथेच नजरकैदेत वारला. ही हमी माझ्या वहीतल्या चारही रकान्यांत बसत नव्हती. आता मी पाचवा आखला आहे, आणि जुन्या नोंदी त्यासाठी पहिल्यापासून पुन्हा चाळते आहे.