कॉन्टेसाचं इंजिन मागच्या सीटच्या जागी

कॉन्टेसा या जुन्या गाडीत पुढचं इंजिन काढून मागच्या सीटच्या जागी इंजिन बसवायचं असेल, तर सगळ्यात आधी गाडी कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं चढवून एकदा, मागची चढवून एकदा वजन करा आणि आकडे नंतरच्या तुलनेसाठी जपून ठेवा.

कॉन्टेसाचं मूळ इंजिन मागे नेऊ नका. त्याचा लांबट गिअरबॉक्स मागे शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मागतो, त्याला तिथे जागा नसते. फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स एकत्र घ्या, मागच्या चाकांच्या पुढ्यात बसवा. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा जुना अखंड ॲक्सल निघतो, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन करावं लागतं. त्याच गाडीचे पुढचे नकल (चाक धरणारे, वळणारे सांधे) वापरलेत तर टायरॉड (चाक वळवणारे दांडे) सबफ्रेमला, म्हणजे इंजिनखालच्या चौकटीला, पक्के बांधा, नाहीतर मागची चाकं चालत्या गाडीत वळतील.

खरी परीक्षा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. रेडिएटर पुढेच राहतो, दोन पाइप खालून मागे जातात. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या घरात, आणि माझ्या गाडीचा तापमानाचा काटा पाचव्या मिनिटाला लाल! पाइपात हवा अडकली होती. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा नट लावला, गाडीचं नाक जॅकवर उचललं, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतलं. तेव्हापासून काटा मध्यावर.

इंजिन आणि तुमच्या पाठीमध्ये पत्र्याची बंद भिंत हवीच. गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे अशी गाडी रस्त्यावर काढू नका. खाजगी ट्रॅकवरच चालवा.