टब, रवी आणि चरक: हाताच्या यंत्रावर धुणं कसं करावं

उशीचा अभ्रा चरकात, म्हणजे कपडे पिळायच्या दोन रुळांमध्ये, घालताना शिवलेली बाजू आधी आत जाऊ द्या, उघडं तोंड मागे राहू द्या. उलटा घातलात तर आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. अभ्रा फुगत जातो आणि जिथे शिवण कच्ची असेल तिथून फट्कन उसवतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तीन अभ्रे उसवल्यावर कळलं. चौथ्याला मात्र मी हातातलं काम थांबवून नीट बघत बसले, की पाणी नेमकं जातं कुठे. चरकाबद्दल मला आज जे काही कळतं, त्यातलं बहुतेक त्या चौथ्या अभ्र्यापासून सुरू झालं.

जुन्या वस्तूंची हौस म्हणून मी हे यंत्र घरात आणलं नाही. वर्षानुवर्षं पिळे काढून माझी दोन्ही मनगटं कामातून गेली होती. कुणाच्या तरी अडगळीत लाकडी टब पडून होता, तो फुकट मिळत होता, म्हणून घेतला. उभ्या फळ्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला गोल टब, खाली तीन पाय. झाकणातून एक दांडा आत उतरतो आणि त्याच्या टोकाला बुटक्या स्टुलासारखी, खाली चार खुंट्या असलेली लाकडी चकती. बाहेरचा दांडा मागे-पुढे केला की वरची दातेरी चाकं चकतीला अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरवतात. तिला आम्ही घरात रवी म्हणतो, कारण ती घुसळतेच तशी. काठावर शिकंज्यासारखी आवळून बसवलेली दोन रबरी रुळांची जोडी, तो चरक.

यंत्रानं धुण्याची कल्पना विजेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. रेगेन्सबुर्ग इथला याकोब क्रिश्चियन शेफर हा धर्मोपदेशक कीटक आणि बुरशींचा अभ्यास करायचा, आणि त्यानंच १७६७ मध्ये धुण्याच्या यंत्राची माहिती छापून प्रसिद्ध केली. १७८२ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर याला फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. माझा टब त्यांच्या मानानं बराच अलीकडचा, पण अंगमेहनत तीच.

आधी टब

कोरड्या लाकडी टबात पाणी ओतलंत की ते सगळ्या फटींतून वाहून जाणार. घाबरू नका आणि फटी बुजवायला तर मुळीच जाऊ नका. मी बुजवल्या. हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणली आणि एकेक फट चिकट लुकणानं भरून काढली. दोन दिवसांनी लाकूड पाणी पिऊन फुगलं, त्याला पसरायला जागा उरली नव्हती, आणि एक फळी चक्क बाहेर ढकलली गेली. मग सगळं खरवडा, फळी बसवा, पुन्हा पहिल्यापासून.

करायचं ते इतकंच. टब सावलीत, जिथे पाणी सांडलं तरी चालेल अशा जागी ठेवा आणि काठापर्यंत भरा. गळेल, पुन्हा भरा. माझा टब पहिल्या दिवशी तासाभरात रिकामा होत होता, तिसऱ्या दिवशी तळाशी थेंब थेंब ठिबकत होता, पाचव्या दिवशी बंद झाला. लोखंडी पट्ट्या सैल वाटल्या तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीनं खाली ठोका, पण एकाच जागी नव्हे. चहूबाजूंनी थोडं थोडं, फिरत फिरत. एकदा टब धरला की पुन्हा पूर्ण सुकू द्यायचा नाही. दोन धुण्यांच्या मध्ये तळाला चार बोटं पाणी ठेवायचं आणि ते रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो. तुमचा टब जस्ताच्या पत्र्याचा असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. तळाला गंज आहे का तेवढं बघा.

मग रूळ

चरकाचा जीव रबरात असतो. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर पक्कं करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं १८४४ मध्ये, आणि त्यानंतरच असे टिकणारे लवचीक रूळ घराघरांत येणं शक्य झालं. त्याआधीचे रूळ लाकडाचे. लाकडाचा रूळ जाड शिवण आली की तिच्यावर टेकतो आणि शेजारचं पातळ कापड ओलंच राहतं. रबर शिवणीपाशी दबतं, पुढे पातळ कापडालाही पकडतं.

म्हणून पहिली परीक्षा अंगठ्याची. रूळ जोरात दाबा. खळगा पडून लगेच भरून आला तर रबर जिवंत आहे. नखाखाली दगडासारखं लागलं, बारीक भेगांचं जाळं दिसलं, तर नवं रबर चढवायला हवं. नुसता वरवर चकचकीत थर आला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन बारीक पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवा. रॉकेल, पेट्रोल, मशीनचं तेल यांतलं काहीही रबराला लावू नका. त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडून उकलतं.

माझ्या रुळांना रबर चढवून घेतलं तेव्हा कारागिरानं टायरसारखं टणक रबर दिलं. "मजबूत दिलंय, आयुष्यभर जाणार नाही," म्हणाला. जाणार नाही हे खरं, पण पिळणारही नाही. शर्टाची पट्टी कोरडी, पाठ निथळती! पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागले. तुम्ही जाल तेव्हा "मजबूत" हा शब्द उच्चारूच नका. अंगठ्यानं दबेल असं मऊ पाहिजे, म्हणून सांगा.

रूळ बसल्यावर दाब दोन्ही टोकांना सारखा आहे का, हे बघायला कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या घ्या. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला रुळांमध्ये अडकवा आणि ओढून पाहा. दोन्ही सारख्याच चिवटपणे निघायला हव्यात. एक सहज निसटली तर त्या बाजूचा स्क्रू थोडा आवळा. वर एकच स्क्रू असेल तर खालची पट्टीची स्प्रिंग मधोमध बसली आहे का ते तपासा. रूळ ज्या खाचांत फिरतात तिथे तेलाचा एकच थेंब टाका आणि लगेच फडक्यानं पुसा. राहिलेलं तेल पहिल्या पांढऱ्या कपड्यावर उतरतं.

धुणं

कपडे आदल्या रात्री भिजत घाला. रवी भिजवण्याचं काम करत नाही, फक्त सुटलेला मळ हलवते. साबण टबात थेट टाकू नका, गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवून मग ओता. पाणी जड असेल तर साबणाआधी चमचाभर धुण्याचा सोडा घाला, नाहीतर फेसाऐवजी पांढरट साका तयार होतो आणि तो कपड्यांवर बसतो.

एकच पाणी तीनदा वापरायचं. आधी पांढरे, कारण तेव्हा पाणी सर्वांत गरम आणि स्वच्छ असतं. मग रंगीत. शेवटी पायपुसणी आणि स्वयंपाकघरातली फडकी. प्रत्येक घाण्याला थोडं साबणपाणी वाढवायचं. माझ्या टबात ४० लिटर पाणी घेते आणि एका वेळी दोन चादरी किंवा सहा शर्ट, याहून जास्त नाही. रवीच्या खुंट्यांमधून कपडा सुटून पुन्हा अडकला पाहिजे. टब गच्च भरला तर सगळं गाठोडं एकत्र इकडून तिकडे सरकतं आणि मळ जागच्या जागी.

दांडा अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. ज्या यंत्रात हँडल गोल फिरवायचं असतं, तिथेही आतली चाकं रवीला उलटसुलटच फिरवतात. एकाच दिशेनं फिरली तर चादरीचं दोरखंड होतं. पांढऱ्यांना दहा मिनिटं, रंगीतांना पाच. वेग मोजत बसू नका. पाण्याचा आवाज "डुबुक-डुबुक" असा सावकाश यायला हवा. खळखळाट झाला म्हणजे तुम्ही नुसतं पाणी घुसळताय.

कॉलर आणि मनगटपट्ट्या रवीनं निघत नाहीत. त्या हातानंच चोळाव्या लागतात, आधी किंवा नंतर. याला उपाय नाही.

चरक

चरक कपडे धुऊन झाल्यावर एकदाच वापरायचा असं नाही. टबातून काढताना साबणपाणी पिळायला, पहिल्या खळबळीतून दुसऱ्या खळबळीत नेताना आणि शेवटी वाळत घालण्याआधी, असा तीनदा. पहिल्या पिळण्याला चरकाखालची फळी टबाकडे उतरती ठेवा, म्हणजे साबणपाणी पुढच्या घाण्याला परत मिळतं. नीळ दुसऱ्या खळबळीत, आणि आधी साबण पूर्ण निघालेला हवा.

दाबाबद्दल लोकांचा हट्ट असतो की जितका आवळू तितकं कोरडं. मी उलट सांगते. मध्यम दाबानं दोनदा काढा. खूप आवळलात तर हँडल फिरवताना खांदा दुखतो, बटणं तडकतात, आणि जाड घडी रुळांना वर उचलून धरते तेव्हा तिच्या दोन्ही अंगांचं कापड तसंच ओलं सुटतं. दुसऱ्यांदा काढताना कपड्याची घडी बदलायची, पहिल्या वेळी कडेला होतं ते मधे आणायचं.

कपडा मधोमध बोळा करून घालू नका, रुळाच्या लांबीभर पसरा. त्यानं रबरही सगळीकडे सारखं झिजतं. पाणी नेहमी मागे, तुमच्याकडे ढकललं जातं, हे डोक्यात ठेवलं की कुठला कपडा कुठून घालायचा ते पाठ करावं लागत नाही. शर्ट कॉलरकडून. पँट पायांकडून, कारण खिशांची तोंडं वर असतात आणि ती मागे राहायला हवीत. कमरेकडून घातलीत तर दोन्ही खिसे पाण्याच्या पिशव्या होतात. मोजे बोटांकडून. बटणं आतल्या बाजूला दुमडून, कापडाच्या दोन थरांत, आडवी झोपलेली. उभं बटण गेलं की एक तर ते फुटतं, नाहीतर रुळावर खळी पडते, आणि रुळाची खळी जास्त महाग. धातूची चेन आणि हूक असलेले कपडे मी चरकात घालतच नाही. लोकरीचे सैल दाबावर, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून.

चादर लांबीत चार पदरी करा, दोन घडीच्या कडा एकाच बाजूला येणार नाहीत अशी. दोघं असाल तर एकानं समोरून हलक्या हातानं धरायची, ओढायची नाही. ओढली की ती तिरकी जाते आणि एका टोकाला जमते. कपडा रुळाला गुंडाळला गेला तर हँडल उलटं फिरवा. तरीही सुटला नाही तर वरचा स्क्रू सैल करा. कात्री आणू नका. (आमच्या घरात आणली गेली होती.)

बोटांविषयी. कपड्याचं टोक रुळांनी पकडलं की हात सोडायचा. उरलेलं लाकडी चमच्याच्या दांड्यानं नीट करायचं. हाताचा चरक निदान आपण थांबलो की थांबतो. पुढे याच चरकाला विजेची मोटर जोडली गेली तेव्हा तो थांबेना, आणि हात कोपरापर्यंत ओढला जाण्याच्या इतक्या घटना झाल्या की शल्यचिकित्सकांमध्ये त्या दुखापतीला 'रिंगर इंज्युरी' (रिंगर म्हणजे चरक) असं वेगळं नाव पडलं. म्हणून विजेच्या चरकांवर धक्का देताच रूळ सुटतील असा दांडा बसवू लागले. हाताच्या यंत्रावर असा दांडा बहुधा नसतो, तेव्हा केस बांधा, सैल बाह्या वर सारा, आणि हँडल मुलांच्या हाती देऊन आपण कपडा घालू नका. मुलांना हँडल फिरवायला फार आवडतं आणि ती तुमच्या बोटांकडे बघत नाहीत.

चरकातून निघालेला कपडा सपाट, पुठ्ठ्यासारखा असतो. दोरीवर टाकण्याआधी दोन्ही हातांनी जोरात झटका, नाहीतर घडीच्या रेषा तशाच वाळतात आणि इस्त्रीलाही जुमानत नाहीत.

काम संपल्यावर रूळ साध्या पाण्यानं धुऊन पुसा, आणि वरचा स्क्रू पूर्ण सैल करा, इतका की दोन रुळांमधून उजेड दिसला पाहिजे. मी एकदा गावाला गेले तेव्हा हे विसरले. महिनाभर चरक आवळलेला राहिला, दोन्ही रूळ जिथे टेकले होते तिथे चपटे झाले. नंतर बरेच दिवस मी ते गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून बघितले. थोडा फरक पडला, पण अजूनही दर फेऱ्याला एकदा हँडल हाताला हिसका देतं.